मधूची अंगठ्यांची इर्जिक

मधूची म्हैस व्यायली तेव्हा मी त्याच्या गोठ्यातच होतो. रेडकू धड उभं राहिलं नव्हतं, तोवर मधूनं मोबाईल काढून लिहायला घेतलं, "आज पहाटे माझ्या म्हशीनं मला नेतृत्व शिकवलं."

मागून त्याची बायको सुमन म्हणाली, "आधी तिला बाजरी-गूळ घाला, मग शिका काय ते."

मधूला सगळंच काहीतरी शिकवतं. एसटी चुकली की वेळेचं नियोजन. आमटी करपली की संघभावना. वेल्ह्याच्या रस्त्यावर टायर फुटलं, तेव्हा तो दबावाखाली टिकून राहायला शिकला. टायर टिकलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी. हे सगळं तो नोकरदारांच्या त्या ॲपवर टाकतो, जिथं लोक कोट घातलेला फोटो लावून दिवसभर एकमेकांचं अभिनंदन करतात. एका ओळीत एकच वाक्य, खाली एक ओळ रिकामी. मी कारण विचारलं तर म्हणाला, "सलग लिहिलं की लोकांना धाप लागते रे."

खरी गोष्ट मला ठाऊक होती. महामार्गावरच्या एका कारखान्यात तो नोकरभरतीच्या खात्यात होता. कारखान्यानं माणसं कमी करायला घेतली, तेव्हा पहिल्या खेपेची पत्रं मधूनंच वाटली. दुसऱ्या खेपेला एक पत्र त्यालाच मिळालं. गावात त्यानं सांगितलं, "स्वतंत्र सल्लागार झालोय." माझ्याजवळ मात्र बोलला, "चार लोक वाचायला लागले की कुणीतरी बोलावेलच. नोकरी आता अशीच मिळते."

मी मान हलवली, आणि तो गेल्यावर दुकानातल्या गिऱ्हाइकांना त्याची म्हशीची पोस्ट त्याच्याच आवाजात वाचून दाखवली. विंझरला माझं खत-बियाणं, विळे-खुरप्यांचं दुकान आहे. तिथं करमणुकीला दुसरं काही नसतं. मला याची लाज वाटते. पण लोक फार हसले, म्हणून मी पुढचीही वाचली.

वाचणारे काही जमेनात. मग मधूला कुठूनसं कळलं की पोस्ट टाकल्यावर पहिल्या तासात भरपूर अंगठे, म्हणजे लाईक, पडले, तर ॲप ती स्वतःहून पुढं ढकलतं. त्यानं सरळ इर्जिक घातली. आमच्याकडं इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, मजुरी नाही, आणि मग त्यानं प्रत्येकाच्या शेतात जायचं. मधू म्हणाला, "तुम्ही रोज सकाळी आठला अंगठा दाबा, मी तुमच्या भातलावणीला येतो."

रेंज माझ्या दुकानाच्या पायरीवरच येते, त्यामुळे आठ वाजता अर्धी आळी तिथं. मधूनं प्रत्येकाचं खातं काढून दिलं. शेळ्या राखणाऱ्या हौसाआक्कांच्या नावापुढं त्यानं लिहिलं, "संस्थापक, पशुधन उद्योग."

आक्का म्हणाल्या, "जलमभर अंगठा दिला. म्हातारपनी सही शिकले, तर तू पुन्ना अंगठाच मागतूस व्हय रं?"

पण दाबायच्या. आणि मधू इमानदारीत लावणीला जायचा, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. त्याची रोपांची ओळ बघून आक्का म्हणायच्या, "मदू, रोपं लावल्यात का कोंबड्या सोडल्या हुत्या?"

इर्जिक लागू पडली. कुठकुठल्या शहरांतले कोटवाले मधूच्या पोस्टखाली "प्रेरणादायी" लिहू लागले. कोणी त्याला कोर्स विकू पाहिला, कोणी त्याच्याकडंच नोकरी मागितली. एमबीए झालेल्या एकानं तर आक्कांना अर्ज पाठवला. मी वाचून दाखवला, तेव्हा त्या विचारात पडल्या. "शेरड्या वळाया चालंल की. फकस्त कुत्र्याला भ्याया नगं."

मधूला मात्र कोणी बोलावलं नाही. दिवाळी तोंडावर आली, भातं पिवळी पडली, आणि एका सकाळी त्यानं म्हैस, टायर सगळं बाजूला ठेवून साधं लिहिलं. माझी नोकरी गेली आहे. मी सल्लागार वगैरे नाही. मला काम हवं आहे.

पायरीवर मी ते मोठ्यानं वाचलं. या वेळी माझ्याच आवाजात.

कोणाचा हात हलेना. आक्का म्हणाल्या, "ह्याला अंगठा कसा दावायचा? नोकरी गेली, लई झ्याक झालं, आसं म्हनायचं का?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही. एकेक करून लोक उठून गेले. अंगठे पडले नाहीत, म्हणून ॲपनंही पोस्ट पुढं ढकलली नाही, आणि "प्रेरणादायी" म्हणणाऱ्यांपैकी एकही फिरकला नाही. दिवसभरात खाली एकच ओळ आली. ज्या साहेबानं मधूला पत्र दिलं होतं, त्यानं लिहिलं, "पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा."

संध्याकाळी मधू ओट्यावर मोबाईल धरून बसला होता. मी पोचलो तेव्हा आक्का अंगणात टेकल्या होत्या, आणि आळीतली माणसं एकामागून एक येत होती. दुःखाच्या घरी बसतात तशी बसत होती.

मधू म्हणाला, "आज तुम्ही कुणीच दाबलं नाही."

"आसल्या गोष्टीला घरी येत्यात, मदू," आक्का म्हणाल्या.

सुमननं चहा टाकला. कप पुरेनात, म्हणून शेजारून आणले. मग आक्कांनी बशी खाली ठेवली. "सकाळच्याला माझं भात कापायचंय. येशील न्हवं?"

"आता कशाची परतफेड, आक्का? उद्यापासून मी लिहिणार नाही."

"नगं लिवूस. तू ये."

मधूनं मोबाईल पालथा घालून ओट्यावर ठेवला. माणसं उठायला लागली, तेव्हा माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "माझ्याकडं विळा नाहीये रे."

मी जाऊन दुकान उघडलं आणि दोन विळे काढले. एक त्याला दिला.