मिथुनच्या बदल्यात कल्पेश

नवव्या पराभवानंतर स्वानंदराव उकिडवे पूर्ण दहा मिनिटं गप्प बसले, तेव्हा बाळूला काळजी वाटायला लागली.

"साहेब, बरं हाय ना?"

"बाळू, आपल्याकडे सेंटर नाही," स्वानंदराव म्हणाले. "सेंटरच्या जागी आपण विजेचा खांब उभा केलाय."

खांब म्हणजे मिथुन. उंची सहा फूट चार इंच. नवीन पनवेलच्या मैदानावर, बास्केटबॉलच्या रिंगखाली तो एकटाच इकडेतिकडे गेलेले चेंडू गोळा करत होता. संघातली बाकीची पोरं मोटारसायकलींवरून केव्हाच निघून गेली होती. दोन हजार बाराच्या त्या मोसमात खाडीवीर क्रीडा मंडळ जिल्हा लीगमध्ये तळाला होतं, आणि तळापासून एक जागा वर सरकायची तर उरलेले सगळे सामने जिंकून शिवाय दुसऱ्या कुणाचं तरी वाटोळं होण्याची गरज होती.

स्वानंदराव विमा कंपनीच्या ऑफिसात होते. वय सेहेचाळीस. आयुष्यात त्यांनी एकदाही बास्केट टाकली नव्हती, पण गेल्या बारा वर्षांत खाडीवीरचा एकही सामना चुकवला नव्हता. ऑफिसला निघण्यापूर्वी ते केबलवर अमेरिकेतले सामने बघत आणि संध्याकाळी मैदानाच्या कडेच्या सिमेंटच्या पायरीवर बसून ते ज्ञान बाळूला देत. बाळू विचुंब्याचा. स्टेशनजवळ त्याचं पंक्चरचं दुकान होतं. पहिल्या पाचांत कोण हवा, टाइमआउट केव्हा घ्यायला हवा होता, महादेव सर झोन डिफेन्स का लावत नाहीत, यावर दोघांचं रोज कडाक्याचं भांडण होई. फक्त एका मुद्द्यावर एकमत होतं, ते म्हणजे महादेव सरांना कोच म्हणून आता हटवलंच पाहिजे. हे एकमत होईपर्यंत साडेसात वाजत. मग खांद्यावर चेंडूंची पिशवी टाकून स्वतः महादेव सरच समोरून येत आणि विचारत, "काय, निघालात का?" त्यावर दोघंही अदबीनं उठून म्हणत, "हो सर, निघतोच आहोत."

त्या दिवशी मात्र स्वानंदराव पुढं गेले.

"अमेरिकेत अशा वेळी काय करतात माहितीय? ट्रेड. आपला खेळाडू दुसऱ्या संघाला द्यायचा, त्यांचा आपण घ्यायचा."

"म्हंजे जुनी रिम देऊन दुसरी घ्यायची."

"बरोबर."

"पन आपली रिम वाकडी हाय साहेब. ती घेनार कोन?"

"तिला वाकडी म्हणायचंच नाही."

कोणाचा खेळाडू घ्यायचा हे स्वानंदरावांनी ठरवून ठेवलं होतं. उरणजवळच्या मोऱ्याच्या संघातला कल्पेश. पाच फूट सहा इंच, पण मैदानात सुटला की दिसेनासा होणारा. खाडीवीरविरुद्ध एकट्यानं बावीस गुण केले होते त्यानं. जिल्हा संघटनेच्या नियमाप्रमाणे दोन्ही मंडळांचं ना हरकत पत्र असेल तर महिनाअखेरपर्यंत खेळाडूला मंडळ बदलता येत होतं. स्वानंदरावांनी सरांपुढं विषय काढला.

"मिथुन जाणार नाही," सर म्हणाले. "रोज प्रॅक्टिसला येणारा तो एकटाच आहे." आणि पिशवी उचलून चालू लागले.

"भावनेवर संघ चालत नाही," स्वानंदराव बाळूला म्हणाले. "रविवारी मोऱ्याला जाऊ. फक्त चाचपणी."

रविवारी दोघं एसटीनं उरणला आणि तिथून रिक्षानं मोऱ्याच्या जेट्टीवर पोचले. मुंबईची लाँच नुकतीच लागली होती. स्वानंदरावांनी चहाच्या टपरीवर विचारलं, "इथं बास्केटबॉलचं कोण बघतं?"

"बास्केटबॉल? त्यो विठू बघतो," टपरीवाला म्हणाला आणि त्यानं बोट दाखवलं.

विठू उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसला होता. पन्नाशीचा, अंगानं भारदस्त. लाँचकडे तो अशा नजरेनं बघत होता, की ती त्याला न विचारता आली असावी. पदाधिकारी असाच बसतो, हे स्वानंदरावांनी ओळखलं.

"मोऱ्याचं बास्केटबॉल तुम्ही बघता ना?"

"पंधरा वरसं. एकबी मॅच सोडली नाय. तुमी?"

"आमीबी बघतो," बाळू म्हणाला. "पनवेलचं."

यात कोणीच खोटं बोललं नव्हतं. तिघांनी एकमेकांशी हात मिळवले आणि चहा मागवला.

"आमचा मिथुन तुम्हाला द्यायचा विचार आहे," स्वानंदराव म्हणाले. "सहा चार आहे. शांत. वर मान करून बोलत नाही."

"येवढा उंच हाय तर वर मान कशाला करंल?" विठू म्हणाला. "रिबाउंड घेतो का?"

"चेंडू त्याच्याकडे आला तर सोडत नाही."

"येतो का त्याच्याकडं?"

स्वानंदरावांनी भज्यांची बशी पुढं सरकवली. "आणि तुमचा कल्पेश?"

"वारा हाय वारा."

"पास देतो?"

विठूनं बराच वेळ लाँचवरून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. "देईल की," तो म्हणाला. "पोरगा अजून लहान हाय."

आपण समोरच्याला चांगलंच गंडवलं अशी तिघांचीही खात्री झाली, त्यामुळं निरोप फार प्रेमाचा झाला. परतीच्या एसटीत स्वानंदरावांनी नवे पहिले पाच ठरवले. फक्त सरांना कसं सांगायचं एवढंच राहिलं होतं, आणि ते सांगायला त्यांना दोन-चार दिवस हवे होते.

बाळूला दोन-चार दिवस धीर निघाला नाही. सोमवारी सकाळी मिथुन कामाला निघताना सायकलमध्ये हवा भरायला त्याच्या दुकानावर आला.

"तुला मोऱ्याला दिला," बाळू म्हणाला.

मिथुन पंप मारायचा थांबला. "सरांनी सांगितलं?"

आता मागं फिरायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. "वरून ठरलंय," बाळू म्हणाला.

मिथुननं अंगठ्यानं टायर दाबून पाहिला. मग "बरं" म्हणाला, उरलेली हवा भरली, पंप जागेवर नेऊन ठेवला आणि गेला. बाळूला दिवसभर करमलं नाही. संध्याकाळी त्यानं स्वानंदरावांना सांगितलं. स्वानंदराव आधी चिडले, मग म्हणाले, "चला, एका अर्थी बरंच झालं. तुला काही बोलला का?"

"नाय. तेच तर."

मोऱ्यात विठूलाही धीर निघाला नसावा. कारण गुरुवारी संध्याकाळी डोळ्यांवर गॉगल लावून कल्पेश खाडीवीरच्या मैदानावर हजर झाला.

"कोण रे तू?" महादेव सरांनी विचारलं.

"मी ट्रेडमध्ये आलोय."

सरांनी शांतपणे त्याच्याकडे पाहिलं, मग पायरीकडे पाहिलं. पायरी रिकामी होती. कल्पेशला येताना बघून स्वानंदराव मैदानाबाहेरच्या रसवंतीत शिरले होते आणि बाळू त्यांच्या मागं. उसाच्या चरकाआडून दोघं बघत होते. सरांनी कल्पेशला मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. चौथ्या फेरीनंतर त्याला फोन आला. फोनवर बोलत बोलत तो फाटकाबाहेर पडला, आणि मोऱ्याच्या वाटेला लागला तो कायमचाच.

"म्हंजे आपल्याकडं आता कोन आला?" बाळूनं विचारलं.

स्वानंदरावांनी रसाचा दुसरा ग्लास मागवला.

रविवारी सामना होता. कागदावर खाडीवीरचे बारा खेळाडू होते. त्यातले पाच नोकरीसाठी पुण्याला गेले होते, एकाला कावीळ होती आणि एकाच्या बहिणीचा साखरपुडा होता. राहिले पाच. त्यांतला पाचवा मिथुन. पंचांनी घड्याळ काढलं आणि नियमाप्रमाणे पंधरा मिनिटं वाट पाहिली. समोरचा संघ तेवढ्या वेळात शॉट मारून घेत होता. खाडीवीरची चार पोरं फाटकाकडे बघत उभी होती. पंधरा मिनिटांनी पंचांनी शिटी फुंकली आणि वीस-शून्यानं सामना समोरच्यांना दिला.

"साहेब," बाळू हळूच म्हणाला, "ह्या मोसमातली आपली सगळ्यात बारीक हार."

तेवढ्यात महादेव सर आले आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच पायरीवर त्यांच्या शेजारी बसले.

"मिथुन कुठाय?"

स्वानंदरावांनी सगळं सांगितलं. जेट्टी, विठू, भजी. सांगताना ते फार लहान वाटत होतं. एसटीत तसं वाटलं नव्हतं.

सरांनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "उरणच्या पुढं कंटेनर यार्डात काम करतो तो. ड्युटी संपवून इथं पोचायला दीड तास लागतो. येतो तेव्हा प्रॅक्टिस उरकत आलेली असते. म्हणून मागं थांबायचा. चार शॉट मारायला मिळावेत म्हणून. तुम्हाला काय वाटलं, मी त्याला चेंडू गोळा करायला ठेवलाय?"

स्वानंदरावांना तसंच वाटलं होतं.

"मी घेऊन येतो त्याला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ते एकटेच मोऱ्याला गेले. मैदानाच्या एका अंगाला जाळी वाळत घातली होती. मिथुन रिंगखाली उभा होता आणि हसत होता. बारा वर्षं पनवेलच्या मैदानाकडे डोळे लावून बसलेल्या स्वानंदरावांनी त्याचे दात पहिल्यांदाच पाहिले. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. त्या सोनाबाई, मंडळाच्या सेक्रेटरी. मासळीचा मोठा व्यापार होता त्यांचा, आणि सगळा मोरा त्यांना वचकून होता.

"तुमीच का ते पनवेलचे?" त्यांनी विचारलं. "पोरं वाटून घ्यायला निघालेले?"

"विठूशेठशी आमचं बोलणं—"

"विठू कोन? त्यो नुसता बघतो. बोंबलतो आनि बघतो. मंडळात त्याला पानी द्यायचाबी अधिकार नाय. तुमी कोन मंडळाचे?"

"मीही बघतोच," स्वानंदराव म्हणाले.

सोनाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कल्पेश माझ्या नणंदेचा पोर हाय. तो कुठं जायचा नाय."

"मग मिथुनला परत नेऊ का?"

"माल हाय का तो? त्यालाच इचारा."

मिथुन टॉवेलनं तोंड पुसत आला. स्वानंदरावांनी घसा साफ केला. चूक झाली, गैरसमज होता, सर वाट बघतायत, असं सगळं म्हणून झालं.

"काका, यार्डातून इथं वीस मिनिटांत येतो मी," मिथुन म्हणाला. "पूर्ण प्रॅक्टिस मिळते."

"एवढंच ना? आपण सरांना वेळ बदलायला सांगू."

मिथुननं टॉवेलची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तसं नाही. इथं चुकलं तरी खेळता येतं." मग घाईनं म्हणाला, "सरांना वाईट वाटेल म्हणून मी कधी बोललो नाही. ते ना हरकत देतील का? तुम्ही विचाराल?"

परतीच्या एसटीत स्वानंदरावांनी कसलेच पहिले पाच ठरवले नाहीत. पोराला आणायला गेले होते आणि त्याचाच अर्ज घेऊन परत निघाले होते.

महादेव सरांनी अर्ज वाचला नाही. खाली सही केली, तारीख घातली, शिक्का मारला. मग कपाटातून दुसरा एक कोरा फॉर्म काढला.

"आता आपण चारच उरलो," ते म्हणाले. "काविळीचा महिनाभर उठत नाही, आणि साखरपुडावाला म्हणतो आता लग्नानंतरच. रविवारी पुन्हा पाच नसले तर मंडळ लीगमधून बाद होईल. जन्मतारीख सांगा."

"कोणाची?"

"तुमची."

"सर, माझं वय—"

"नियमात खालची मर्यादा आहे. वरची कोणी घालायचा विचारच केला नाही."

"बाळू जास्त फिट आहे!"

"बाळूचा गुडघा गेलाय. सकाळीच येऊन सांगून गेला."

स्वानंदरावांनी जन्मतारीख सांगितली.

रविवारचा सामना नेमका मोऱ्याशी होता. शिल्लक राहिलेली एकमेव जर्सी मिथुनची होती. ती स्वानंदरावांच्या गुडघ्यापर्यंत आली. पहिल्याच मिनिटात त्यांच्या हातात चेंडू आला. या क्षणी काय करायचं असतं हे त्यांना तोंडपाठ होतं. डावीकडे हूल, उजवीकडे वळण, कोपऱ्यात पास. प्रत्यक्षात चेंडू पोटाशी धरून ते सात पावलं चालत गेले आणि शिटी वाजली. त्यानंतर खाडीवीरच्याच पोरांनी त्यांना चेंडू दिला नाही. तरीही ते एका रिंगकडून दुसऱ्या रिंगकडे जात राहिले. ते पोचेपर्यंत खेळ पुन्हा पहिल्या रिंगकडे गेलेला असे.

पायरीवर बाळूशेजारी विठू येऊन बसला होता. दोघांचं चांगलंच जमलं होतं.

"अवो साहेब, पळा की!" बाळू ओरडला. "सर, बदला ह्या मानसाला!"

"बदलून कोन टाकनार? हायेतच पाच," विठू म्हणाला. "ह्यो आनला कुठून?"

"ऑफिसातून."

"पाय बघ त्याचे. टेबलाखाली घालून घालून गेलेत."

"घेता का? असाच देतो."

"नको रं बाबा. आमचं बरं चाललंय."

तिसऱ्या डावात गुणफलकावर अठ्ठेचाळीस-अकरा असताना मिथुनला फ्री थ्रो मिळाले. सगळे रेषेवर ओळीनं उभे राहिले. स्वानंदरावांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मिथुन त्यांच्या अगदी जवळून रेषेकडे चालला होता. त्यांनी हलकेच त्याला थांबवलं.

"मिथुन," ते धापा टाकत म्हणाले, "पायरीवरचं इथं सगळं ऐकू येतं रे."

"हो काका," मिथुन म्हणाला. "शब्दन् शब्द."

पंचांनी चेंडू त्याच्याकडे टाकला. तो झेलून मिथुन मागं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "जरा वाका. हात गुडघ्यांवर ठेवा. दम लवकर परत येतो."

स्वानंदराव वाकले.