डेल्बर्टच्या कुंपणापाशी

बी रुजवण्यात काही विशेष नाही, असं मी आमच्या चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता सोळा जणांना ऐकवलं. माती हवी, ओल हवी, उजेड हवा आणि थंडी हवी. आमच्या मिनेसोटात थंडी तर फुकट मिळते. दुधाचा पारदर्शक प्लास्टिकचा कॅन मधोमध कापायचा, बुडाला भोकं पाडायची, चार बोटं ओली माती भरून बी पेरायचं, चिकटपट्टीने कॅन पुन्हा बंद करायचा आणि भर जानेवारीत बर्फात ठेवून द्यायचा. वसंतात रोपं आपली आपण वर येतात! मंडळी इतकी भारावली की पुढच्या रविवारपर्यंत आमच्या पायरीवर त्रेचाळीस रिकामे कॅन जमा झाले.

माझ्या सासूबाई आल्मा तिथेच बसल्या होत्या. वय शहाऐंशी. शेत विकून दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. तिच्यात त्यांच्या आईच्या लाल पॉपीचं बी होतं, चमचाभर. शेतावरचा फुलांचा वाफा नव्या मालकाने नांगरून टाकला होता, म्हणजे उरलंसुरलं ते एवढंच. त्या रविवारी चर्चमधून घरी आल्यावर त्यांनी ती डबी माझ्या हातात दिली.

"सगळं पेर, हार्लन. मला यंदा ती फुलं बघायचीत. पुढच्या वर्षाचं मी काही बोलत नाही."

"आई, तुम्ही निर्धास्त राहा."

"माझी आई तर नुसतं..."

"आई, आता शास्त्र कुठल्या कुठे गेलंय. बसा तुम्ही."

नऊ कॅन पेरले आणि सोमवारी रस्त्याच्या कडेला रांगेत मांडले, कारण आमच्या अंगणात ऊन तेवढ्याच जागी येतं. मंगळवारी कामावरून परत आलो तर रांग गायब.

शेजारी डेल्बर्ट आपल्या दारात हसत उभा होता. हा देवमाणूस. बर्फ पडला की आधी आमची वाट साफ करतो, मग स्वतःची.

"रिसायकलिंगची गाडी आली होती. तुमचे कॅन मातीने भरलेले. तसे ते घेत नाहीत. मी रिकामे केले, धुतले आणि दिले गाडीत."

"माती... माती कुठे टाकलीत?"

"तिकडे कुठेतरी, बर्फावर. वरून यंत्राने बर्फही उडवला. काळजी नको, जरासुद्धा घाण दिसत नाही."

समोर गुडघाभर पांढरं रान पसरलं होतं आणि बी खसखशीएवढं. पण आमच्याकडे उपकार करणाऱ्याला तोंडावर बोलायची पद्धत नाही. आभार मानतात आणि घरी येऊन डोकं धरून बसतात. मी आभार मानले.

बायको मर्नाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आईला आत्ता काही सांगू नकोस. आणि डेल्बर्टला लिंबाचा केक देऊन ये, नाहीतर त्याला वाटेल आपण रागावलो." मी नुसती माती भरून नऊ नवे कॅन त्याच जागी ठेवले आणि केक देऊन आलो. केकमुळे डेल्बर्ट फारच खूश झाला. पुढच्या मंगळवारी त्याने तेही नऊ धुऊन दिले.

तिसरे नऊ मी मागच्या बाजूला, सासूबाईंच्या खिडकीखाली लपवले. ही माझी घोडचूक. सासूबाईंनी खुर्ची खिडकीशी ओढली ती ओढलीच.

"बी कसं आहे, हार्लन?" रोज न्याहारीला हाच प्रश्न.

"झोपलंय, आई."

फेब्रुवारीत झोपलंय, मार्चमध्ये झोपलंय. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "फारच झोपाळू निघालं." मी न्याहारी अर्धी टाकून उठलो. दुकानातून पॉपीच्या बियांचं पाकीट आणलं, तर चित्रातली फुलं गुलाबी. मर्नाने ते पाकीट हातातून काढूनच घेतलं. मे महिन्यात मी कॅन उघडले. सासूबाई शाल गुंडाळून शेजारी बसल्या. मातीत काय येणार? माती होती. त्या रिकामी डबी हातात फिरवत राहिल्या. मला स्वतःची इतकी लाज वाटली की खरं सांगायला तोंड उघडलं, आणि "यंदा थंडी जास्त झाली" असं बोलून बसलो.

जूनमध्ये एका सकाळी डेल्बर्टने गवत कापायचं यंत्र सुरू केलं. सासूबाई खिडकीतून बघत होत्या. एकदम उठल्या. काठीशिवाय! सपाता घालूनच अंगण ओलांडून गेल्या आणि चालू यंत्रासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या. डेल्बर्टने यंत्र बंद केलं. मी धापा टाकत पोचलो.

"हे तण जरा साफ करतोय," डेल्बर्ट ओशाळून म्हणाला.

कुंपणाच्या कडेने निळसर करड्या पानांचे ताटवे उभे होते. शेंड्यांवर मान खाली घातलेल्या कळ्या आणि एका फुटलेल्या कळीतून लाल टोक डोकावत होतं.

"हार्लन," सासूबाई म्हणाल्या, "माझ्या आईची पॉपी या माणसाच्या कुंपणापाशी कशी आली?"

डेल्बर्टच्या देखत सगळं सांगावं लागलं. कॅन, गाडी, केक, झोपलेली माती, सगळं. डेल्बर्टचा चेहरा पडला. तो दहा वेळा माफी मागून म्हणाला, "मी तर काहीच केलं नाही हो. माती बर्फावर फेकली आणि घरात गेलो."

सासूबाईंनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझी आईही हेच करायची. मातीत बी मिसळायचं, बर्फावर फेकायचं आणि घरात जायचं. जानेवारीत मी याला तेच सांगत होते."

महिनाभर त्यांची खुर्ची डेल्बर्टच्या अंगणात होती. बोंडं वाळल्यावर त्यांनी ती स्वतःच्या हाताने झटकली, डबी काठोकाठ भरली आणि डेल्बर्टच्या हवाली केली.

येत्या जानेवारीसाठी मलाही काम दिलंय त्यांनी. उरलेले सोळा कॅन स्वच्छ धुऊन मंगळवारी रस्त्यावर ठेवायचे.