रंग न पुसणारे सोमाजीभाऊ

आमचे शेजारी सोमाजीभाऊ सकाळी माझ्या किराणा दुकानात दुधाची पिशवी घ्यायला यायचे, तेव्हा त्यांच्या तोंडावर खलनायक असायचा. गालांवर लाली, भुवया कानापर्यंत ओढलेल्या, हनुवटीवर काळा मस. नवीन गिऱ्हाईक दचकायचं. जुनं विचारायचं, "आज कोणाले मारलं गा सोमाजीभाऊ?"

"हिरोच्या बापाले," म्हणत ते पिशवी उचलायचे.

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ते काम करतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली की रात्रभर नाटक चालतं आणि नटमंडळी उजाडताना घरी परततात. बाकीचे नट तिथेच खोबरेल तेलाने तोंड पुसून गाडीत बसतात. सोमाजीभाऊ रंगासकट यायचे आणि दिवसभर रंगासकट राहायचे. पोंभुर्ण्याच्या बँकेत ते असेच गेले, तेव्हा कॅशियर आधार कार्डावरचा फोटो कितीतरी वेळ न्याहाळत बसला. एका मयतीलाही ते त्याच भुवयांनी गेले. मी हटकलं, तर म्हणाले, "मेलेल्याले काय फरक पडते?"

कारण सगळ्या गावाला माहीत होतं. रंगाखाली कोड होतं. ओठाच्या कडेला पहिला पांढरा डाग पडला, मग डोळ्यांभोवती, मग हातांवर. काही घरांनी त्यांच्या हातचं पाणी बंद केलं, त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं. मी त्यांना चंद्रपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की हे शिवल्याने पसरत नाही. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल तर मनाच्या डॉक्टरलाही भेटा. सोमाजीभाऊ घरी येऊन माझ्यावरच चिडले. "मले डोक्याचा तरास नाई, तोंडाचा हाये!"

होता, डोक्याचाही होता. नाटकांचा हंगाम संपला की रंग लावायला निमित्त उरत नसे आणि हा माणूस घराबाहेर पडत नसे. कधीमधी "तालीम चालू हाये" म्हणून मे महिन्यात लेप थापून यायचे, पण आमच्याकडच्या उन्हात भुवया हनुवटीवर उतरायच्या. एरवी दार बंद. मी डबा ठेवून यायचो, तो संध्याकाळी तसाच सापडायचा. खरं सांगतो, मला भीती वाटायची.

अशात मूल गावी त्यांच्या बहिणीच्या मुलीचं, प्रणालीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. भाऊंना बायको नाही, पोर नाही. जीव काय तो या भाचीवर. "मामाचं तोंड पाहून पोरीचं लगन मोडलं तं?" एवढा एकच घोर. म्हणून ऐन वैशाखात ते राजाच्या रंगात साक्षगंधाला हजर झाले आणि "प्रयोगावरून सरळ येऊन राह्यलो" म्हणाले. वैशाखात झाडीपट्टीत प्रयोग नसतो, हे मांडवातल्या पोराटोरांनाही ठाऊक. पण वरपक्षाने संवाद म्हणायला लावले, भाऊंनी ते दणक्यात म्हटले, टाळ्या पडल्या. लग्नातही तोच रंग, तोच घाम.

लग्नानंतर थोड्याच दिवसांनी प्रणाली नवऱ्याला घेऊन, न सांगता, मामाच्या अंगणात उभी राहिली. आतून धाडकन कडी लागली. मग भाऊंचाच आवाज आला, "मामा घरी नाई!"

मी दुकान सोडून धावलो. जावई हसू दाबत होता. प्रणाली मात्र हसली नाही. दाराजवळ जाऊन म्हणाली, "मामा, यायले, तुया जावयाले, मी साक्षगंधाच्या आधीच कोडाचं सांगून देलं होतं. उघड ना गा."

कडी हलली, पण निघाली नाही. मग, "मंग मी वैशाखात काऊन शिजलो?"

"तूच आला तसा. कोणी म्हटलं होतं तुले रंग लाव म्हणून?"

कडी निघाली. इतकी वर्षं मी शेजारी, पण भर उजेडात ते तोंड मीही क्वचितच पाहिलं होतं. डोळ्यांभोवती पांढरं, ओठांभोवती पांढरं, आणि घाबरलेली नजर. जावयाकडे ते बघेचनात. प्रणालीला म्हणाले, "तुया लग्नाच्या साऱ्या फोटोत मी रंगातलाच हाओ ना?"

"हो."

"मंग एक आता काढ. असाच."

जावयाने मोबाइल माझ्या हातात दिला. भाऊ दोघांच्या मधे उभे राहिले. त्यांचा हात सवयीने तोंडाकडे गेला, अर्ध्यावरून परतला आणि बिचकत जावयाच्या खांद्यावर टेकला. जावई जागचा हलला नाही.