बाबांनी जुळवलेला अंदाज

"उद्या कुठल्या तासाला आपल्या घरात किती वीज लागेल, ते मी आजच सांगतो!"

वीजकंपनीत नुकताच चिकटलो होतो, तेव्हाची ही माझी गर्जना. आई "बरं" म्हणाली. बाबा निवृत्त भूगोलशिक्षक. त्यांनी चष्मा पुसून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवा खंड शोधलाय. आता दोघंही नाहीत, पण ते पाहणं अजून आठवतं.

साहेबांची अट होती : आधी स्वतःच्या घराचा अंदाज जुळवून दाखव, मग शहराचं काम. मी मीटर संगणकाला जोडला, जुने आकडे त्याला भरवले आणि रोज दुसऱ्या दिवशीचा आलेख फ्रिजवर चिकटवू लागलो.

सुरुवातीला नुसती फजिती! संगणकानं सकाळी गीझर धरावा, तर आईला नेमकं गार पाणी बरं वाटावं. मी तोंड पाडून खोलीत जाऊन बसायचो.

आणि अचानक अंदाज जुळू लागला. अगदी रेघेवर रेघ! मी ऑफिसात छाती काढून फिरू लागलो. साहेब म्हणाले, "संध्याकाळी येतोच बघायला."

आले. पडद्यावर माझ्या अंदाजाची निळी रेघ झोकात वर गेलेली, आणि प्रत्यक्ष वापराची लाल रेघ खाली लोळत पडलेली!

"काय हो हे?" साहेब.

"चढेल, साहेब!"

बाबा घाईघाईनं स्वयंपाकघरात गेले. आत मिक्सर घरघरला. लाल रेघेनं उडी मारली! बाबा दारातून पडद्याकडे डोकावले आणि आत आईला ओरडले,

"अगं, अजून कमी पडतंय! इस्त्री लाव!"

"लावलीय! पण कपडे कुठायत?"

"नसू देत! गीझर लाव!"

फट्! फ्यूज उडाला. पंखा थांबला, पडदा काळा. त्या शांततेत बाबांचा आवाज : "आता गं? आलेखात अजून तासभर वरच राहायचंय!"

साहेब पोट धरून हसले. "अंदाज झकास आहे! फक्त असे आईबाबा शहरात घरोघरी नेमावे लागतील!"

ते गेल्यावर मी भडकलो. "बाबा, अहो, अंदाजानं घराप्रमाणे चालायचं असतं, घरानं अंदाजाप्रमाणे नव्हे!"

बाबा ओशाळले. "आकडे चुकले की तू बोलतच नाहीस रे. जुळले की ऑफिसातलं सगळं सांगत बसतोस."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्या अंधारातच मी बसलो आणि साहेबांच्या नकला करून दाखवल्या. आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. फ्यूज बसवायचं झोपेपर्यंत कुणालाच सुचलं नाही.

संगणकानं मात्र ती संध्याकाळ फारच मनावर घेतली. दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी त्यानं वापर थेट शून्य धरला, आणि मी न बघताच तो आलेख चिकटवून ऑफिसला गेलो.

परत आलो, तर घरात काळोख! फ्रिजसुद्धा गप्प. मी दारातच अडखळलो.

"सांभाळून ये रे," बाबांचा आनंदी आवाज आला, "मेन स्विच बंद केलाय. आज शून्य आहे ना! बस, आणि सांग, काय काय झालं ऑफिसात?"