मागुराच्या डोक्यात दांडकं कोणी घालायचं?

सासूबाई सकाळी गावाहून आल्या, पिशवी खाली ठेवली, लेकीच्या पोटावरून हात फिरवला आणि जावयाला म्हणाल्या, "पार, आजपासून तू मासे मारायचे नाहीस."

पार्जोनोने हातातला चहा खाली ठेवला. वोनोसारी गावाच्या बाजाररस्त्यावर त्याची तळलेल्या मागुराची, म्हणजे मिशाळ माशाची, टपरी होती. टबात जिवंत मासे, गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, पार्जोनोने डोक्यात दांडकं घालायचं आणि मासा थेट कढईत. त्याला मासे मारू नको म्हणणं म्हणजे न्हाव्याला केसाला हात लावू नको म्हणण्यातलाच प्रकार.

"आई, सहा महिने मारतोच आहे की," तो म्हणाला.

"झालं ते झालं. तेव्हा पोराला कळत नव्हतं. आता त्याला कान आलेत. बायको पोटुशी असताना बापाने जीव घेतला की त्याची छाया पोरावर पडते. आमच्याकडे एकाने बेडूक मारला, त्याचं पोरगं अजून सरळ चालत नाही. उड्या मारतं."

"केवढा आहे तो?" वुर्यानीने, म्हणजे पार्जोनोच्या बायकोने विचारलं.

"चार वर्षांचा."

"चार वर्षांची सगळीच पोरं उड्या मारतात, आई."

"मार म्हणावं मग नवऱ्याला! उद्या मुलगी मागुराच्या मिशा घेऊन जन्मली की माझ्यापुढे रडत येऊ नकोस."

पार्जोनोला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचेना. आठ वर्षं नवस झाले, मुळ्या उगाळून झाल्या, शेवटी ज्वालामुखीची राख पडून सगळं गाव पंधरवडाभर घरात कोंडलं गेलं आणि तेव्हा कुठे पाळण्याची आशा लागली. इतक्या मिनतवारीने मिळालेल्या पोराशी पैज कोण लावणार? त्याने मुकाट्याने मान डोलावली.

"मग तुम्ही माराल का, आई?"

"मी? आजीनेच गळा घोटायचा का?"

बिनलग्नाची मेहुणी एंदाह टपरीवर वाढायचं काम करायची. मासा मारायचं नाव निघताच तिने तोंडावर हात ठेवला आणि मागच्या दाराने पळाली. हल्ली तिला माशांचा वासच सहन होत नव्हता.

संध्याकाळी गिऱ्हाइकं जमली तशी पार्जोनोने शक्कल काढली. "आजपासून ताजेपणाची खात्री! ज्याचा मासा त्यानेच मारायचा!" असं म्हणून त्याने दांडकं पुढे केलं. पहिले होते सुकीर्मान मास्तर. त्यांनी ते हातात घेतलं आणि विस्तव लागल्यासारखं खाली टाकलं.

"अरे, आमच्या हिला सहावा आहे!"

मागचा रिक्षावाला म्हणाला, "माझ्याही घरी सहावाच."

त्याच्या मागच्या टेलरने नुसती सहा बोटं दाखवली. राखेने गावात फारच काम केलं होतं. रांगेतले सगळे होणारे बाप एकमेकांकडे बघत सिगारेटी ओढत राहिले आणि टबातले मागूर निवांत पोहत राहिले. गिऱ्हाइकं काढता पाय घेऊ लागली तेव्हा पार्जोनोचा जीव खालीवर व्हायला लागला. पोरगं यायच्या आधीच त्याच्या तोंडचा घास जायची वेळ आली होती.

तेवढ्यात दवाखान्याच्या नर्सबाई जेवण बांधून न्यायला आल्या. प्रकार ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "मासे मारून पोटातल्या बाळाला काही होत नाही. तुम्ही बायकांच्या नाकाशी हा जो धूर सोडता ना, त्याने होतं. वजन भरत नाही, दिवस भरायच्या आधी बाळंत होतात, पोरांची छाती कमजोर राहते. मासा मारायला घाबरता आणि सिगारेट मात्र खुशाल!"

"आमच्या ह्यांनी लवंगी सिगारेट ओढत सात पोरं काढली," टपरीच्या बाकावर लेकीशेजारी बसलेल्या सासूबाई फणकारल्या.

"आणि सातही खोकतात," वुर्यानी म्हणाली.

भांडण पेटणार, इतक्यात पार्जोनोला समोरच्या पंक्चरवाल्या गियात्नोची आठवण झाली. सडाफटिंग, आगापिछा नसलेला गडी! त्याने हाक मारली, "गियात्नो! एक काम कर, पोटभर खा आणि एवढे मासे मार. तुला कसली आलीये भीती?"

गियात्नो सिगारेट ओढत हसतहसत आला. त्याने दांडकं उचललं, हात वर नेला आणि तो तिथेच थांबला. चेहरा पांढराफटक. "नको दादा," तो पुटपुटला. "मला... मला नाही जमायचं."

"का रे? तुझी कुठे बायको आहे?"

गियात्नोने मान खाली घातली. एंदाहच्या हातातलं भाताचं ताट खाली पडलं.

सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं, मग एंदाहकडे, मग गियात्नोकडे. पार्जोनोच्या डोक्यात माशाचा वास आणि मागचं दार यांची सांगड बसली आणि त्याला घाम फुटला. सासूबाईंच्या डोक्यात ती त्याच्याही आधी बसली होती. पण बाई खमकी.

"भित्रट मेले!" त्या कडाडल्या. "सगळं थोतांड आहे! मासे मारल्याने पोराला काही म्हणता काही होत नाही! ब्रह्मचारीही मारेल, चार पोरांचा बापही मारेल! नर्सबाई सांगतात तेच खरं!"

"तुम्हीच तर सकाळी..." पार्जोनो म्हणाला.

"सकाळी मी प्रवासाने शिणले होते! धर ते दांडकं!"

पार्जोनोने दांडकं धरलं. मनातल्या मनात पोराची माफी मागून त्याने डोळे मिटून घाव घातला. कढई चुरचुरली आणि सगळ्यांचं लक्ष तळणाकडे वळलं. सासूबाईंनी हळूच सुस्कारा सोडला. अब्रू वाचली होती.

"शहाण्या आहात हो, आजी," नर्सबाई खूश होऊन म्हणाल्या. "मग आता दुसरंही सांगून टाका यांना. तुमचं ऐकतील."

सासूबाईंना आता माघार घेता येईना. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि रांगेवरून नजर फिरवली. "ऐकलंत ना रे? ज्याच्या पोराची कोणी वाट बघतंय, त्याने हातातली सिगारेट आत्ताच्या आत्ता टाकायची!"

मास्तरांनी टाकली. रिक्षावाल्याने टाकली. टेलरने शेवटचा झुरका मारून टाकली. पार्जोनोने नुकतीच पेटवलेली जड मनाने टाकली.

आणि आज्ञाधारक गियात्नोने आपली टाकली आणि चपलेने नीट विझवली.