सहाच्या आत भेट नाही

घरून काम करताना शिस्त कशी लावावी, याचं कोडं हल्ली ज्याला त्याला पडतं. मला विचारा ना! राजारामपुरीत दोन हजार चार सालीच मी हे शास्त्र उभं केलं होतं!

माझी सून सुष्मिता तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि टाइप करायची. माडीवरच्या खोलीत कॉम्प्युटर होता. पण बाई घरात आहे म्हटल्यावर सगळ्यांना ती मोकळीच वाटायची. शेजारच्या धोंडुबाई गहू निवडायला हाक मारायच्या, आमचे हे तासातासाला चहा मागायचे. तिच्या चुका वाढल्या. शेवटी कंपनीनं बजावलं, शुक्रवारची फाइल संध्याकाळी सहाच्या आत बिनचूक द्या, नाहीतर हातात नारळ!

मी पदर खोचला. दहाच्या ठोक्याला सुनेनं इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन जिना चढायचा. मग ती घरात नाही! कुणाचाही फोन आला तरी उत्तर एकच: "ती वर गेली. सहाच्या आत भेट नाही." ह्यांच्याकडून मी ते शाळेतल्या पाढ्यासारखं घोकून घेतलं.

शुक्रवारी मी दळण आणायला गेले आणि तेवढ्यात निपाणीहून सुष्मिताच्या आईचा, शिवम्मांचा फोन आला. हे सगळं मला नंतर कळलं!

"सुष्मिता हाय का?"

"न्हाय. वर गेली."

"अगं बाई! कवा?"

"सकाळीच. गपगुमान गेली. आता भेट न्हाय."

आणि ह्यांनी फोन ठेवला. नियम म्हणजे नियम!

चारच्या सुमाराला दारात ट्रॅक्स जीप थांबली. माणसं उतरतच होती, संपेचनात! शिवम्मांनी उंबऱ्यातच गळा काढला. मला वाटलं, निपाणीत कुणीतरी गेलं. आता ही बातमी माडीवर पोचली तर पोरीची बोटं अडखळतील, फाइल बोंबलेल, नोकरी जाईल!

"हळू, हळू! रडायचं तर सहानंतर रडा!"

शिवम्मांनी माझे हात धरले.

"अक्का, तोंड तरी बघू द्या वो तिचं!"

"सहाला बघा की! तिला आत्ता काही कळता कामा न्हाय."

"तिला आता काय कळतंय!" शिवम्मा मटकन खाली बसल्या.

सुष्मिताचा भाऊ बसवेश लालबुंद झाला. "मावशी, माणूस हायसा का कोण? माझी भण वर गेली, आणि तुम्ही आम्हाला टाइम सांगतायसा?"

मी जिन्यात हात पसरून उभी राहिले. पण निपाणीची ती गर्दी! मला पिठाच्या डब्यासारखं उचलून बाजूला ठेवलं आणि सगळे वर. दार उघडलं. सुष्मिता आमच्याकडं पाठ करून बसलेली, कानाला हेडफोन, बोटं लाह्या फुटाव्यात तशी चाललेली.

"तायडे!" बसवेशनं हाक मारली.

तिनं मागं न बघताच हात वर केला. तिला वाटलं, सासरे चहा मागायला आले!

"हाय की वो!" शिवम्मा रडता रडता हसायला लागल्या.

"मग न्हाय कोण म्हणालं?" मी विचारलं.

सगळ्यांच्या माना मागे जिन्यात उभ्या असलेल्या ह्यांच्याकडं वळल्या. हे म्हणाले, "मी फक्त नियम पाळला."

पण शिवम्मांचं कौतुक करायला हवं. त्यांनी तोंडाला पदर लावला, दार हळूच ओढून घेतलं आणि सगळ्यांना खाली हाकललं. "पोरीचं काम हुंदे." मग सहापर्यंत ट्रॅक्सभर माणसं पुढच्या सोप्यात मुकाट बसली. कुणी खोकलं, की शिवम्मा डोळे वटारायच्या.

सहाला सुष्मिता धावतच खाली आली. "आत्ती, फाइल गेली! नोकरी राहिली! ... अव्वा? तू कवा आलीस?"

कुणी काही बोलायच्या आत मागच्या दारानं धोंडुबाई आल्या. डोळे सुजलेले, डोक्यावर भाकरीची दुरडी, हातात पिठल्याचं पातेलं. रडारड ऐकून त्या माउलीनं परस्पर आपल्या घरी चूल पेटवली होती, कारण दुःखाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. समोर सुष्मिता बघून त्यांच्या हातातलं पातेलं सुटायलाच आलं. ते मी झेललं.

"पिठलं! एवढं कशाबद्दल?" सुष्मितानं विचारलं.

"तुझ्या नोकरीबद्दल," मी म्हटलं.

कामाच्या नादात डब्याला हातही न लावलेली, दिवसभराची भुकेली पोर. जिच्या नावानं आलं होतं, तिनंच दोनदा मागून घेतलं!