इतर (असल्यास)

पराभव हा नेहमी कोणाच्या तरी चुकीमुळे होतो. आपोआप होतात ते फक्त विजय, आणि तेही समोरच्या संघाचे. हे सत्य ओळखून फुटबॉल क्लबच्या समितीने दहा वर्षांपूर्वी 'पराभव-कारण पत्रक' छापून घेतले. त्यात तीन रकाने होते: खेळाडूंचा दोष, मॅनेजरचा दोष आणि इतर (असल्यास). बेरीज शंभर टक्के आलीच पाहिजे, असे खाली ठळक अक्षरांत बजावले होते. (विजय-कारण पत्रकाचाही विचार झाला होता. मागणीअभावी तो मागे पडला.)

पत्रक भरायचे काम क्लबच्या लेखनिकाकडे होते. या मोसमात संघ अकरापैकी दहा सामने हरला होता. अकरावा पाणी साचल्यामुळे रद्द झाला. त्या दिवशी बचावफळीने एकही चूक केली नाही. समितीला शनिवारपर्यंत वार्षिक निष्कर्ष हवा होता, आणि ज्याच्या नावावर जास्त टक्के, त्याला नारळ.

आता मॅनेजर हा लेखनिकाचा सख्खा मेहुणा आणि गोलकीपर त्याचा पोटचा मुलगा. तिघे एकाच घरात, एकाच टेबलावर जेवत.

"दाजी, पेनल्टीला हा उजवीकडे उडी मारतो आणि चेंडू डावीकडून आत जातो," मेहुणा म्हणाला. "यात माझं काय चुकलं?"

"मामानेच सांगितलं होतं, उजवीकडे उडी मार म्हणून," मुलगा म्हणाला.

"मी माझ्या उजवीकडे म्हणालो होतो! मी तुझ्यासमोर उभा होतो ना?"

बायकोने भात वाढता वाढता एवढेच सांगितले, "अहो, माझ्या भावाला काढलंत तर बघा. आणि पोराला काढलंत तरी बघा."

लेखनिकाने पन्नास-पन्नास लिहून पत्रक पाठवले. ते दुसऱ्याच दिवशी शेऱ्यासह परत आले: 'अर्ध्या माणसास काढता येत नाही. फेरविचार व्हावा.'

मग त्याने कपाटातली दहा वर्षांची दप्तरे काढली. एवढ्या काळात क्लबने नऊ मॅनेजर बदलले होते, त्र्याण्णव खेळाडू, चार रंगांच्या जर्सी आणि (एका तज्ज्ञाच्या सल्ल्यावरून) मैदानाचे फाटक. पराभव मात्र होते तसेच होते. न बदललेल्या गोष्टी दोनच निघाल्या: समितीचे सात सदस्य आणि प्रेक्षक.

उत्तर पेनाच्या टोकाशी येऊन थांबले. पण लेखनिकाची नेमणूक समितीनेच केली होती आणि मुदतवाढही तीच देत असे. त्याला स्वतःची लाज वाटली. खरोखर वाटली, चांगली पाच मिनिटे. मग त्याने 'इतर' या रकान्यात लिहिले: प्रेक्षक, शंभर टक्के.

समितीने निष्कर्ष एकमताने मंजूर केला. प्रेक्षक प्रत्येक पराभवाला हजर होते, ही गोष्ट गंभीर मानली गेली. कोणाला खेळवायचे हे त्यांना मॅनेजरपेक्षा चांगले कळत असूनही त्यांनी ते कधी लेखी कळवले नाही, ही त्याहून गंभीर. मॅनेजर आणि खेळाडूंना आणखी एक वर्ष मिळाले. घरी मामा-भाचे एकमेकांना आग्रह करकरून जेवले.

"मग चूक कोणाची ठरली?" बायकोने विचारले.

"लोकांची."

"म्हणजे आपली नाही ना? झालं तर मग."

दप्तरे परत ठेवताना लेखनिकाला वार्षिक सभांची वही दिसली. समितीचे तेच सात सदस्य दहाही वर्षे बिनविरोध निवडून आले होते. निवडणारे होते प्रेक्षक. दर वर्षी सभा सरासरी सहा मिनिटे चालली होती, कारण सगळ्यांना घरी जायची घाई होती आणि हात वर केला की सुटका होत होती. त्याने भीतीपोटी लिहिलेले खरेच निघाले होते.

त्याने लगेच प्रेक्षकांना खुलासा मागणाऱ्या नोटिसा लिहायला घेतल्या. त्या मैदानात येणाऱ्यांपुरत्याच नाहीत. लांबून हे सगळे वाचून 'दोष समितीचाच' असे एव्हाना मनाशी ठरवलेल्यांची यादी त्याने वेगळी केली आहे आणि तुमचे नाव तीत बरेच वर आहे. खुलासा सात दिवसांत यावा. यायला जमणार नसेल, तर मागच्या सभेत केला होता तसा नुसता हात वर केला तरी चालेल.